बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पणजोबांचा शोध घेणारी पुण्यातली ख्रिस्ती कुटुंबं आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जातात आणि 'नोंद आढळून येत नाही' असा कागद घेऊन परततात. जन्मनोंदणीचा सध्याचा कायदा 1969 चा. त्याआधीची खेड्यातली नोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. ती तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळते, पुष्कळदा मोडी लिपीत. आणि बाळाचं नाव नसून नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेलं असतं.

नाव सापडतं ते चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत. मात्र 'आम्ही सीएनआयचे', म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, एवढ्यावर भागत नाही. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन वगैरे मंडळ्या 1970 साली एकत्र येऊन ते चर्च झालं. वह्या त्याआधीच्या आहेत. म्हणून मूळ मिशन कोणतं, हे जुन्या लग्नाच्या दाखल्यावरून आधी काढावं. पूर्वज गोरे किंवा अँग्लो-इंडियन असतील, तर मुंबई इलाख्यातल्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत. मराठी ख्रिस्ती माणसाने तिथे फारशी आशा धरू नये.

वही चाळायची ती अंदाजे जन्मवर्षापासून पुढे. तान्ह्याचा बाप्तिस्मा सहसा काही दिवसांत-आठवड्यांत होई, पण बाप धर्मांतरित असेल तर बाप आणि तीन-चार मुलं एकाच दिवशी, एकाखाली एक दिसतात. वहीत जन्मतारखेचा रकाना वेगळा असतो. प्रौढांच्या बाबतीत तो कोरा किंवा अंदाजाने भरलेला. आडनाव नसलं तर बापाचं नाव, गाव आणि धंदा जुळवावा. जुन्या कॅथलिक वह्या पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात, तेव्हा जेम्स शोधताना 'याकोबुस' पाहायला विसरू नये.

सर्वांत मोठी गफलत दाखला मागताना होते. छापील दाखल्यावर पुष्कळदा नाव, आईबाप, तारखा एवढंच उतरतं. वहीत मात्र धर्ममातापिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारे, नोंदलेले असतात; ते बहुधा नात्यातले किंवा एकाच गावचे, आणि कॅथलिक वहीत समासात पुढे झालेलं लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं तेही टिपलेलं असतं. पुढचा धागा नेमका तिथेच असतो. तेव्हा अर्जात 'दाखला' न लिहिता 'समासातल्या टिपांसह संपूर्ण नोंदीची नक्कल' असं स्पष्ट मागावं.

आपले,
चर्च-दप्तरांचे दोन अभ्यासक, पुणे कॅम्प