तालुक्याच्या नाट्यगृहात डिमर बसवा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

नवे नाटककार घडावेत म्हणून लेखन शिबिरं भरवा, असं नेहमी बोललं जातं. जरूर भरवा. पण नाटककाराची सुरुवात पाहण्यातून होते, आणि खान्देशातल्या तालुक्यांत पाहण्याचीच सोय नाही.

नाटककार गिरीश कर्नाड 1938 साली माथेरानला जन्मले, लहानाचे मोठे झाले ते कर्नाटकातल्या शिरसीत. गाव छोटं, पण तिथे फिरत्या नाटक मंडळ्या येत, रात्र रात्र यक्षगान, म्हणजे तिकडचं पारंपरिक नृत्यनाट्य चाले. पुढे शिकायला मुंबईत आल्यावर त्यांनी दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी बसवलेलं, स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गचं ‘मिस ज्युली’ पाहिलं. रंगमंचावरचा प्रकाश हळूहळू वाढतो, हळूहळू विझतो, हे पाहून ते थक्क झाले. त्यांनीच तसं लिहिलंय. ऑक्सफर्डला निघण्याच्या गडबडीत त्यांनी ‘ययाति’ हे नाटक लिहिलं, कन्नडमध्ये. 1961 साली ते छापून आलं.

आमच्याकडे ‘बहुउद्देशीय सभागृह’ बांधतात. लग्न, सभा, बक्षीस समारंभ सगळं त्यात होतं. फक्त नाटक होत नाही. दिवे टांगायचा पाइप थेट नटाच्या डोक्यावर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडतो आणि चेहरा वाचता येत नाही. तो पाइप चेहऱ्यापासून जितका उंच, तितकाच पुढे प्रेक्षकांच्या बाजूला हवा, म्हणजे प्रकाश 45 अंशांत येतो. हजार वॅटचे 24 दिवे म्हणजे 24 किलोवॅट. तीन फेजवर सारखे वाटले तर फेजमागे साधारण 35 अँपिअर, एकाच फेजवर टाकले तर शंभराच्या वर. मग ऐन प्रवेशात फ्यूज उडतो. डिमर, म्हणजे दिव्याचा प्रकाश हळूहळू कमी-जास्त करणारं उपकरण, नसल्याने दिवा एक तर लागतो, नाही तर बंद होतो. संध्याकाळ दाखवायची कशी? मागच्या पडद्याआड तीन फूट वाट सोडत नाहीत, म्हणून डाव्या विंगेतला नट उजवीकडे जायला बाहेरून वळसा घालतो. वर पत्रा आणि भिंतींना गुळगुळीत फरशी असली की आवाज घुमतो, अहिराणी संवादातलं निम्मं तिसऱ्या रांगेच्या मागे कळत नाही.

आमची मागणी मोठी नाही. नव्या सभागृहाच्या नकाशावर सही होण्याआधी तो एखाद्या प्रकाशयोजनाकाराला दाखवा. जुन्या सभागृहांत आधी थ्री फेज जोडणी आणि 24 चॅनेलचा, म्हणजे 24 दिवे वेगवेगळे कमी-जास्त करता येतील असा डिमर बसवा. खुर्च्या नंतर बदलल्या तरी चालतील. आणि हौशी संस्थांना तालमीसाठी आठवड्यातला एक दिवस विनाभाडं द्या.

आपले,
खान्देशातील रंगकर्मी