जप्ती दिसते, सरकारजमा दिसत नाही

मा. संपादक,
शिंदे गावात (नाशिक) २०२३ मध्ये आणि कुरकुंभमध्ये (पुणे जिल्हा) २०२४ मध्ये एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचे कारखाने सापडले, तेव्हा किलो आणि कोटींचे मथळे झाले. पण त्या धंद्यातून उभे राहिलेले फ्लॅट, गाड्या, सोने यांचे पुढे काय होते, हे सामान्य वाचकाला कधी कळत नाही.

अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात १९८९ साली घातलेले प्रकरण पाच-अ नेमके यासाठीच आहे. तपास अधिकारी मालमत्ता गोठवतो. सक्षम प्राधिकाऱ्याने ३० दिवसांत त्यावर शिक्कामोर्तब केले नाही, तर तो आदेश गळून पडतो. मालमत्ता घामाच्या पैशाची आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. बायको, मेहुणा, साडू यांच्या नावावर केलेली मालमत्ताही सुटत नाही. (सातबारा फिरवणाऱ्यांनी हे वाचावे!) उलट बाजूही आहे: आरोपी निर्दोष सुटला तर मालमत्ता मोकळी करावी लागते. म्हणजे तपास कच्चा राहिला, की बंगलाही परत.

सरकारजमा झालेल्या मालमत्तेच्या विक्रीतून येणारी रक्कम याच कायद्याच्या कलम ७-अ नुसार अमली पदार्थांच्या गैरवापरावर नियंत्रणासाठीच्या राष्ट्रीय निधीत जाते, आणि व्यसनींवरील उपचार व पुनर्वसन हा त्या निधीचा एक उद्देश आहे. मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायला दागिने मोडणारे आईबाप आमच्याच गल्लीत आहेत. त्यांच्यापर्यंत त्यातला रुपया तरी पोहोचतो का? राज्यात किती मालमत्ता गोठवली, किती सरकारजमा झाली, किती परत गेली, याचा जिल्हावार तक्ता गृह विभागाने दरवर्षी प्रसिद्ध करावा.

– एक वाचक, नाशिकरोड