वसंताची वाट पाहताना पालापाचोळा जाळू नये

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रथसप्तमी होऊन आठवडा उलटला आहे. पहाटे गच्चीवर जावे तर कठडा हाताला गार लागतो आणि दुपारी त्याच कठड्यावर तळहात ठेववत नाही. फेब्रुवारीत पुण्याचे किमान तापमान सरासरी १२ अंशांच्या आसपास आणि कमाल ३२ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे कुंडीतल्या झाडांना एकाच दिवसात हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसावे लागतात. एरंडवण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी गेली १९ वर्षे बाग करीत आहे आणि दरवर्षी हे तीन-चार आठवडे मला सर्वांत लांब वाटतात. थंडी गेली म्हणावे तर मोगरा अजून हलत नाही, आणि आहे म्हणावे तर शेवंती वाळून गेलेली असते. नेमक्या याच दिवसांत शहरातील रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारांत गळालेली पाने गोळा करून पेटवली जातात. माझ्या मते वसंताची वाट पाहणाऱ्या कोणालाही हे पाहवू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पंचांगातली वसंत पंचमी माघात येते, परंतु माघ आणि फाल्गुन हे दोन्ही महिने शिशिराचे. वसंत ऋतू धरला जातो तो चैत्रापासून. बाग करणाऱ्याला हा मधला काळ फार जपून काढावा लागतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या मध्यावर चार दिवस चांगले ऊन पडले म्हणून मी मोगऱ्याची छाटणी करून त्याला खत-पाणी दिले. पाठोपाठ पुन्हा थंडी आली, फुटलेले कोवळे कोंब काळे पडले आणि त्या वर्षी पहिला बहर जवळजवळ हातचा गेला. तेव्हापासून मी तारखेपेक्षा सावलीवर अधिक विश्वास ठेवते. आमच्या गच्चीचा दक्षिणेकडचा कठडा साडेतीन फुटांचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दुपारीसुद्धा इतका खाली असतो की त्या कठड्याची सावली तीन फुटांहून अधिक आत येते आणि कडेची कुंड्यांची ओळ दिवसभर गारठलेली राहते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली सव्वा फुटावर आलेली असते. सावली मोगऱ्याच्या कुंडीवरून सरकली की मी कात्री काढते. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असे माझी आई सांगत असे, आणि बहुतेक वर्षी सावलीचा हिशेब आणि तिचे म्हणणे यांत फार दिवसांचे अंतर पडत नाही.

या सगळ्या ओळीत माझे लक्ष सर्वाधिक असते ते एका दिसायला रिकाम्या कुंडीकडे. ती भुईचाफ्याची आहे. थंडी सुरू झाली की त्याची पाने पिवळी पडून नाहीशी होतात, गड्डे मातीत निजून राहतात आणि पुढचे काही महिने कुंडीत मातीखेरीज काही दिसत नाही. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी रिकामी समजून त्यात मेथी पेरली होती. मी त्या मातीवर चार बोटे जाडीचा वाळक्या पानांचा थर देते आणि पाणी अगदी बेताचे ठेवते. त्या थराखाली माती पहाटे फार गारठत नाही, दुपारी फार तापत नाही आणि कधी बोट खुपसून पाहिले तर आत किंचित ओल लागते. चैत्राच्या सुमारास एखाद्या सकाळी पाने बाजूला सारावीत, तर पान फुटण्याआधीच थेट मातीतून जांभळट-पांढरे, सुगंधी फूल वर आलेले असते. ते जेमतेम एक दिवस टिकते. त्या एका सकाळसाठी मी दर आठवड्याला वाकून ती पाने उचलून पाहते आणि तितक्याच हळुवारपणे पुन्हा पसरते.

ही पाने मला विकत घ्यावी लागत नाहीत, कारण पुण्यात वसंत येतो तो पानगळीच्या पाठोपाठ. थंड देशांत पाने हिवाळ्याआधी गळतात. आपल्याकडच्या कडुनिंब, पिंपळ, वड, शिरीष यांसारख्या झाडांची मोठी पानगळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि पाऊस अजून तीन महिने दूर असतानाच त्यांना नवी पालवी फुटू लागते. पिंपळाची तांबूस पालवी आणि पाडव्याला आपण आवर्जून खातो तो कोवळा कडुनिंब या पानगळीनंतरच येतो. पान गळण्याआधी झाड त्यातील नत्राचा बराच भाग परत ओढून घेते, परंतु कर्ब, चुना आणि इतर काही द्रव्ये पानातच राहतात. जमिनीवर पडून कुजलेल्या पानांतून ती पुन्हा मातीला मिळावीत, अशी ही रचना आहे. ज्या शहरात झाडांखाली काँक्रीट आणि फरशी आहे, तिथे हे काम माणसाने करावे लागते.

गेल्या आठवड्यात सकाळी सात वाजता मी कुंड्यांना पाणी घालत असताना खालून धूर वर आला. शेजारच्या आवारात करंजाच्या अगदी बुंध्याशी पानांचा ढीग पेटवलेला होता. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, त्यामुळे असा धूर वर न जाता इमारतींच्या मधल्या बोळात तासन्‌तास साचून राहतो, आणि समोरच्या खिडकीत दम्याची औषधे घेणाऱ्या एक आजी बसलेल्या असतात. मी खाली गेले. पेटवणाऱ्या झाडूवाल्या मावशींशी बोलले, तेव्हा त्यांनी सांगितले की भरलेली पोती कोणी उचलत नाही आणि आवार नऊच्या आत स्वच्छ दिसले नाही तर त्यांना बोलणी बसतात. त्यांना दोष देणे मला मुळीच योग्य वाटत नाही. दोष त्या पानांना कचरा ठरवणाऱ्या आपणा सर्वांचा आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेतला कचरा आपल्या आवारातच वेगळा साठवण्यास सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला. परंतु पोते कुठे द्यायचे हे ठाऊक नसेल, तर दंडाचा आकडा कळूनही सकाळची काडी ओढली जाणारच.

पाने मुरवायला फारशी जागा किंवा कौशल्य लागत नाही. मी तारेच्या जाळीचा कमरेइतका गोल उभा करते, त्यात पाने दाबून भरते, मधूनमधून शेणाचा काला किंवा आंबट ताक शिंपडते आणि ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवते. वाळक्या पानात नत्र कमी उरलेले असते, म्हणून शेणाची किंवा स्वयंपाकघरातल्या हिरव्या देठांची जोड द्यावी लागते. शिरीषासारखी बारीक पाने लवकर मुरतात. वडाची जाड पाने आधी चुरून घेतली नाहीत तर वर्षभर तशीच राहतात. गेल्या वर्षी भरलेल्या ११ पोत्यांचे पावसाळ्याच्या तोंडाशी दोन पोती काळे, भुसभुशीत खत झाले. उरलेली पाने एप्रिलमध्ये, पारा चाळिशीकडे सरकू लागतो तेव्हा, कुंड्यांवर पसरली की एक वेळचे पाणी वाचते. कोल्हापूरच्या ‘प्रयोग परिवार’ या शेती-प्रयोगांच्या चळवळीचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी पालापाचोळ्याच्या बळावर गच्चीवर पीक घेण्याचा मार्ग कित्येक वर्षांपूर्वी दाखवला होता, आणि आपल्या पुण्यातच ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम पाने नको असलेल्यांची गाठ पाने हवी असलेल्यांशी घालून देतो.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, आतापासून पाडव्यापर्यंत दर आठवड्याला एक छोटी चौकट केवळ पालापाचोळ्यासाठी द्यावी: कोणत्या भागात पोती भरून तयार आहेत आणि कोणाला ती हवी आहेत, एवढाच मजकूर त्यात असावा. सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी झाडणाऱ्यांना ‘आवार स्वच्छ करा’ एवढेच सांगण्याऐवजी रिकामी पोती हातात द्यावीत आणि भरलेली ठेवण्यासाठी जिन्याखाली कोपरा मोकळा करून द्यावा. शेजारच्या आवारातल्या मावशींशी माझे तसे ठरले आहे. काल त्यांनी करंजाची तीन पोती आमच्या फाटकाशी आणून ठेवली. माझ्या जाळीत अजून चार पोत्यांची जागा आहे.

कळावे,
आपली,
एक वाचक, एरंडवणे, पुणे