गाडी ट्यून केली, पण क्लचचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या वाहन पुरवणीतला गाडी मॉडिफाय करण्यावरचा लेख मी दोनदा वाचला. रिमॅप (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं), इंटेक, एक्झॉस्ट, मोठा इंटरकूलर सगळं छान समजावून सांगितलंय, पण अख्ख्या लेखात क्लच हा शब्द एकदाही आला नाही आणि मला त्याचंच वाईट वाटलं. इंजिनची वाढलेली ताकद चाकांपर्यंत पोचते ती क्लचमधूनच ना, आणि होतं काय की पोरं सगळे पैसे इंजिनावर घालतात, मग क्लच घसरायला लागला की घाईघाईत कुणीतरी सांगितलं म्हणून सगळ्यात कडक क्लच टाकतात आणि रोजची गाडी चालवणं नकोसं करून घेतात. मीही हेच केलं होतं, म्हणून लिहितोय.

माझ्या गाडीचं टर्बो डिझेल इंजिन मूळचं २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, रिमॅपनंतर ते ३३० झालं. पहिले दोन आठवडे मजाच मजा. मग एके दिवशी पाचव्या गिअरला ओव्हरटेक करायला पाय दाबला तर आरपीएमचा काटा १८०० वरून सरळ २६०० वर आणि स्पीडचा काटा होता तिथेच, आणि मागोमाग तो वास, जळक्या ब्रेक लायनरसारखा उग्र, नाकात बसतो तो जातच नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरला मात्र काहीच कळत नव्हतं, कारण तिथे गाडी चटकन पुढे निघते आणि इंजिनावर तेवढा भार टिकत नाही. कुणाला आपला क्लच तपासायचा असेल तर मोकळा रस्ता बघून चौथ्या-पाचव्या गिअरला १८०० च्या आसपास पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि दोन्ही काट्यांकडे बघा, एकदाच बघा, परत परत करून असलेली प्लेट जाळू नका.

ज्याने गाडी ट्यून केली त्याने सांगितलं, स्टेज थ्रीचा, म्हणजे सगळ्यात कडक क्लच टाक, परत बघायला नको. मी टाकला. सहा बटणांची, म्हणजे घासणाऱ्या सहा तुकड्यांची सिरॅमिक प्लेट, हबला (प्लेटच्या मधल्या भागाला) झटके शोषणाऱ्या स्प्रिंग नाहीत, वर प्लेटला दाबून धरणारी जाड प्रेशर प्लेट. घसरणं थांबलं हे खरं, पण पार्किंगच्या चढावर रिव्हर्स घेताना गाडी अशी थडथडायची की डॅशबोर्डचं प्लॅस्टिक वाजायचं. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लच हा प्रकारच उरला नाही, एकतर सुटला नाहीतर धरला, मधे काही नाही. माझी बहीण तीच गाडी चालवायची, एकदा चढावरच्या सिग्नलला तिची गाडी तीनदा बंद पडली, मागे भरलेला ट्रक उभा. घरी येऊन चावी टेबलवर ठेवली आणि म्हणाली दादा मी ही गाडी परत घेणार नाही. ते मला फार लागलं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. पहिली गोष्ट, हे स्टेज वन, टू, थ्री म्हणजे काही प्रमाण नाही हो, प्रत्येक कंपनी आपापल्या परीने लावते, एकाचा स्टेज टू तो दुसऱ्याचा स्टेज वन असू शकतो. खोक्यावर हॉर्सपॉवर लिहिलेली असेल तर तीही बाजूला ठेवा, कारण क्लचला टॉर्क कळतो, हॉर्सपॉवर नाही. १५० हॉर्सपॉवरचं साधं पेट्रोल इंजिन २०० न्यूटन मीटरच्या आसपास देतं आणि तेवढ्याच हॉर्सपॉवरचं टर्बो डिझेल ३४० देऊ शकतं, मग दोघांना एकच क्लच कसा चालेल? म्हणून विकणाऱ्याला विचारायचं ते एवढंच, हा क्लच किती न्यूटन मीटर धरतो, आणि ते चाकावर मोजलेले की इंजिनावर.

हिशोब तसा शाळेतला आहे. लायनिंगचा, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा घर्षणांक गुणिले प्रेशर प्लेटचा दाब गुणिले प्लेटची सरासरी त्रिज्या गुणिले घासणाऱ्या बाजू. समजा घर्षणांक ०.३, दाब ६००० न्यूटन म्हणजे साधारण ६०० किलोचं वजन, त्रिज्या १० सेंटीमीटर आणि प्लेटच्या दोन बाजू, तर क्लच ३६० न्यूटन मीटर धरेल. दाब २० टक्के वाढवला की ४३२. दाब तोच ठेवून ०.४ चं लायनिंग लावलं की ४८०. आणि दोन प्लेटांचा क्लच घेतला की बाजू चार होतात, म्हणजे दाब न वाढवता थेट ७२०. सगळे परफॉर्मन्स क्लच या तीन-चार गोष्टींतच फिरवलेले असतात, त्यामुळे किती धरेल हा प्रश्न सोपा आहे, त्याबदल्यात आपण काय देतोय तो अवघड.

लायनिंगचं बघा. साधं ऑरगॅनिक म्हणजे कंपनीतून येतं तसलं, हळूवार पकडतं, थोडं तापलं तरी थंड झाल्यावर बऱ्यापैकी पूर्वपदावर येतं, रस्त्यावरच्या गाडीला याच्यासारखं दुसरं नाही. केव्हलार टिकतं खूप आणि पकडही मऊ असते, पण त्याला बसायला वेळ लागतो, फ्लायव्हील (इंजिनला जोडलेली जड चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) एकदम सपाट आणि स्वच्छ लागतं, आणि एकदा जास्त तापून वर काचेसारखी चकाकी आली की ते परत पहिल्यासारखं होत नाही. ज्याला ट्रॅफिकमध्ये तासभर हाफ क्लचवर सरकायचंय त्याने केव्हलारच्या नादी लागू नये असं माझं मत. सिरॅमिक बटणं उष्णता भरपूर सहन करतात पण पकड एकदम बसते आणि फ्लायव्हील खातात. माझा तो क्लच १४ हजार किलोमीटरनंतर काढला तेव्हा गिअरबॉक्स खाली घेतल्यावर मी स्वतः फ्लायव्हीलवर हात फिरवला होता, नखाला चर लागत होते, नाण्याएवढे निळे-काळे डाग पडलेले आणि त्या डागांवर केसासारख्या बारीक चिरा. नुसती प्लेट बघून हे कळत नाही.

उष्णतेचं एक गणित मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. गाडी जागेवरून निघताना प्लेट जोवर घसरतेय तोवर, इंजिनचा आरपीएम तुम्ही स्थिर धरला तर, गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. १२०० किलोची गाडी ताशी १४ किलोमीटरला पोचून क्लच पूर्ण धरला तर नऊ हजार ज्यूलच्या आसपास. आता दुप्पट आरपीएमवर निघालात तर गाडीचा वेगही दुप्पट होईपर्यंत प्लेट घसरत राहणार, आणि उष्णता चौपट. दोन-चारदा असं केलं की नवा क्लचही वास मारतो, मग तो कुठल्याही स्टेजचा असो.

पेडल जड होतं ते फक्त पायाला नाही लागत. ते सगळं बळ मास्टर सिलिंडर, क्लच फोर्क, रिलीज बेअरिंग असं करत प्रेशर प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांवर येतं आणि तिथून क्रँकशाफ्टला पुढे रेटतं, आणि ते रेटणं झेलतं कोण तर इंजिनातलं लहानसं थ्रस्ट बेअरिंग. म्हणून जड प्रेशर प्लेट लावलेल्यांनी सिग्नलला क्लच दाबून बसू नये, न्यूट्रल करावं. टॉर्क फारच वाढवला असेल तर मी म्हणेन एका प्लेटवर दाब वाढवत बसण्यापेक्षा दोन प्लेटांचा क्लच बघा, पेडल हलकं ठेवता येतं, पण काहींचा खडखडाट होतो आणि नीट बसवणारा माणूस हवा.

फ्लायव्हीलबद्दलही सांगतो कारण दुकानदार क्लचसोबत हलकं फ्लायव्हील गळ्यात मारतात. आताच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, आत स्प्रिंग असतात आणि इंजिनचे झटके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. ते काढून एकसंध हलकं टाकलं आणि वर हबही विनास्प्रिंगचा घेतला तर न्यूट्रलला गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड यायला लागते, क्लच दाबला की गप्प. इंजिन पटकन वर जातं हे खरं, पण जागेवरून निघताना आरपीएम पटकन खालीही येतो, आणि गाडी बंद पडते ती त्यामुळेच. ट्रॅकवर ठीक, रोज ऑफिसला जायला नाही.

आता माझ्या गाडीत पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट आहे, हबला स्प्रिंग आहेत आणि प्रेशर प्लेट मूळपेक्षा थोडी कडक. ४०० न्यूटन मीटर धरते, म्हणजे ३३० वर साधारण २० टक्के हात राखून, आणि रस्त्यावरच्या गाडीला यापेक्षा जास्त लागत नाही असं मी ठामपणे सांगेन. पुढे टॉर्क आणखी वाढवायचा विचार असेल तर क्लच घेतानाच तो आकडा धरा, कारण गिअरबॉक्स दोनदा खाली घेण्याची मजुरी क्लचपेक्षा जास्त लागते. एकदा उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग असेल तर ते, आणि मागच्या ऑइल सीलमधून गळती आहे का तेही बघून घ्या, तेलाचा एक थेंब लायनिंगवर गेला की सगळं पाण्यात.

आणि पहिले ८०० किलोमीटर फुल टॉर्क मागू नका. शहरात थांबत-निघत चालवा, प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांवर नीट बसू द्या. मी हे वेळापत्रक लिहून डॅशबोर्डवर चिकटवलं होतं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त किलोमीटर बहिणीनेच चालवले, त्याच चढावरच्या सिग्नलवरून रोज.

पुढच्या पुरवणीत क्लचवर एक पूर्ण लेख छापावा ही मनापासून विनंती. टॉर्क वाढवायचं सांगताय तर तो धरायचा कशाने तेही सांगा.

आपला,
एक नियमित वाचक