कोंबड्यांच्या स्वभावाबद्दलही लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परसातल्या कोंबडीपालनावर लेख होता, आवडला, खाद्याचा खर्च, लसी, खुराड्याची मापं सगळं व्यवस्थित दिलंय, पण त्यात एक वाक्य होतं की कमी अंडी देणारी कोंबडी लगेच काढून टाका, ते काही पटलं नाही म्हणून हे पत्र. शेडमध्ये शेकड्यांनी पाळणाऱ्यांना तो हिशोब ठीक असेल. आमच्याकडे इंदूरला लोकमान्य नगरात मागच्या अंगणात पाचच आहेत आणि पाचही पाच तऱ्हेच्या, आणि माझं म्हणणं असं की घरगुती पालनात निम्मं काम स्वभाव ओळखण्याचं आहे, ते कुणी लिहितच नाही.

पिल्लं असताना काही कळत नाही असं लोक म्हणतात. कळतं. पहिल्या आठवड्यात साधारण 35 डिग्री ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी करत जायचं, तर त्या बल्बखाली सगळ्या गोळा होऊन झोपायच्या आणि एकटी ठकी लांब जाऊन खोक्याच्या भिंतीला चोच मारून बघायची, पलीकडे काय आहे म्हणून. दीड-दोन महिन्यांच्या झाल्यावर छाती काढून एकमेकींसमोर उभं राहणं, उड्या मारून भांडणं सुरू झालं, मला वाटलं आता डोळे फोडतात की काय, पण थोड्या दिवसांत आपोआप शांत. नंबर लागले होते. मुलाने सांगितलं याला पेकिंग ऑर्डर, म्हणजे कुणी कुणाला चोच मारायची याची उतरंड, म्हणतात आणि नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवून 1920 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं होतं.

पण नंबर म्हणजे स्वभाव नाही हं. आमची नंबर एक ठकी चणीने सगळ्यात लहान आहे आणि ती कुणाला फारसं मारतही नाही, नुसती मान वर करून बघते की बाकीच्या बाजूला होतात. मारते ती दोन नंबरची, म्हाळसा. एकत्र कुटुंबात राहिलेल्या बायकांना हे समजवायची गरज नाही. आणि सगळ्यात शेवटी बनी, ती भांड्याजवळ यायची, म्हाळसा नुसती वळली तरी मागे सरकायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची. बाकीच्यांचे तुरे लाल झाले, अंडी सुरू झाली तरी हिचा पत्ता नाही. तुमच्या लेखाप्रमाणे हीच काढायची होती. आम्ही काय केलं, पाण्याच्या ड्रममागे दुसरं भांडं ठेवलं, म्हाळसाला ठकीजवळून हलायचं नसतं म्हणून ती तिकडे जातच नाही, आणि महिन्याभरात बनी अंडी द्यायला लागली. दोन भांडी, लांब लांब, एकीकडून दुसरं दिसणार नाही अशी, हे लेखात हवं होतं.

उरलेल्या दोघी कडकनाथ, काजळ आणि शाई, नंतर आणल्या, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या) होत्या तेव्हा. कडकनाथ ही झाबुआची काळी जात, झाबुआ इंदूरहून जवळच आणि तिला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून इकडे सगळ्यांना तीच हवी असते. (अंडं काळं असतं का हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. नसतं, फिकट बदामी असतं.) नवीन कोंबडी कधीही एकटी आणू नका, आणि आणली की लगेच जुन्यांत सोडू नका, मध्ये जाळी लावून काही दिवस नुसतं एकमेकींना बघू द्या, तरी थोडी चोचाचोची होतेच.

या दोघी एकाच वयाच्या, एकाच ठिकाणच्या, आमच्याशिवाय कुणाला वेगळ्या ओळखूही येत नाहीत, आणि स्वभाव बघाल तर जमीन-अस्मान. काजळला आजपर्यंत कुणी हात लावू शकलेलं नाही, संध्याकाळी पेरूवर चढून बसते, पण अंगणाची खरी राखणदार तीच, वर घार दिसली की एक लांब बारीक आवाज काढते आणि सगळ्या जिथल्या तिथे थिजतात नाहीतर तुळशीवृंदावनाच्या आडोशाला जातात, बोका भिंतीवर आला की मात्र वेगळा, तुटक तुटक कटकटाट. आता तो ऐकून मी स्वयंपाकघरातूनच सांगते वर बघा का भिंतीवर बघा. शाई सासूबाईंची. सासूबाई अंड्याला शिवत नाहीत, कोंबड्या आणायलाही त्यांचाच विरोध होता, आणि आता दुपारी त्या ओट्यावर गहू निवडायला बसल्या की ही शेजारी येऊन पाय पसरून मातीत लोळते, त्या तिला रागावतात आणि दाणे पण टाकतात.

कोंबडा ठेवलेला नाही, पहाटे चारला शेजाऱ्यांनी काय पाप केलंय. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही हे अजून आमच्या अर्ध्या गल्लीला पटत नाही ते सोडा. उरलेले पोहे देतो, शेव नाही, मीठ जास्त असतं, इंदूरकरांनी हे विशेष लक्षात ठेवावं कारण आपल्याकडे शेवेशिवाय काही उरतच नाही.

तर विनंती अशी की लेखाचा पुढचा भाग असेल तर एखाद्या पशुवैद्याकडून कोंबड्यांच्या वागण्यावर लिहून घ्या, कोण दबून राहते, कोण मारते, आजारी कोंबडी आधी वागण्यातून कशी ओळखायची, कारण बनी गप्प बसली तर ते नेहमीचंच पण ठकी गप्प बसली तर डॉक्टरकडे न्यावं लागेल, हे अंड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. आणि वाचकांना एक विचारायचंय. कडकनाथ सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, म्हणतात, पण शाई गेल्या आठवड्यापासून खोक्यात बसून आहे आणि हात नेला की फुगून गुरगुरते, सासूबाईंचा सुद्धा. कुणाकडे कडकनाथने स्वतः बसून 21 दिवस पूर्ण करून पिल्लं काढली असतील तर कृपया याच सदरातून कळवा, म्हणजे कुठून तरी फळलेली अंडी आणून खाली ठेवायची का तिला उठवायचं ते ठरवता येईल.

आपली,
एक वाचक, इंदूर