तुझी इम्युनिटी वीक नव्हती

चिन्या,

काल रात्री साडेअकराला फोन केलास, ताप १०१ म्हणालास आणि फोन ठेवता ठेवता हळूच विचारलंस की आई, रूममेट म्हणतोय तुला शुगर झाली कारण तुझी इम्युनिटीच वीक आहे, खरंय का. मी झोपेत अरे नाही रे, काहीतरीच काय म्हणाले आणि मग मलाच झोप लागली नाही. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून लिहिते. लांबण लागणार आहे, ताप उतरला की वाच.

आधी एक कबुली. तू दुसरीत होतास, ऑगस्टमध्ये चार दिवस ताप आणि जुलाब झाले, बरा झालास. पुढे तीन आठवड्यांनी सारखं पाणी पाणी करायला लागलास, रात्री तीनतीनदा उठायचास, शाळेची चड्डी कमरेत ढिली झाली. आणि बाथरूमच्या कोपऱ्यात, लघवी पडते तिथे, मुंग्या लागल्या. रोज सकाळी लॅबमध्ये पन्नास लोकांची फास्टिंग-पीपी काढणारी तुझी आई, तिने काय केलं, तर खडू आणून मुंग्यांना रेघ मारली! गौरी जेवल्या त्या रात्री तू उलट्या करायला लागलास आणि तोंडाला तो गोडसर आंबूस वास आला तेव्हा डोक्यात लख्ख पडलं, लॅबचं ग्लुकोमीटर घरीच होतं, शुगर ४८६. नऊ वर्षं झाली, ती खडूची रेघ डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून या विषयावर जे मिळेल ते वाचत आले.

कॉक्ससॅकी नावाचा एक व्हायरस आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाचं नाव, १९४८ मध्ये तिथल्या मुलांमध्ये सापडला म्हणून (त्या गावाने काय पाप केलं होतं देव जाणे). त्याचा बी गट स्वादुपिंडात घुसू शकतो. १९७९ मध्ये अमेरिकेत एक दहा वर्षांचा धडधाकट मुलगा फ्लूसारखा आजारी पडला, तीन दिवसांत केटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठतं त्या अवस्थेत, गेला आणि आठवड्याभरात वारला. त्याच्या स्वादुपिंडातून कॉक्ससॅकी बी-४ निघाला, तो उंदरांना दिला तर उंदरांचीही शुगर चढली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण हा व्हायरस तर कितीतरी पोरांना होतो, मग सगळ्यांना डायबेटीस का होत नाही? याचं मला पटलेलं उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका लॅबचं आहे, २००२ चं. तुला २०१९ चा पूर आठवतो ना, रिक्षावरून भोंगा लावून पुकारत गेले, ज्यांनी ऐकलं त्यांनी गॅस, कागदपत्रं, गादी सगळं माळ्यावर टाकलं. शरीरातही तसंच, व्हायरस शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडतात, तो भोंगा. तो ऐकला की बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी पेशी, स्वतःच तयारीला लागते, व्हायरसचा आरएनए (ज्यावरून तो स्वतःच्या नकला काढतो) कापायचा, प्रोटीन बनवायचं काम थांबवायचं, म्हणजे व्हायरस आत आला तरी त्याला वाढायला काही मिळत नाही. त्या लोकांनी असे उंदीर तयार केले की फक्त त्यांच्या बीटा पेशींना हा भोंगा ऐकू येणार नाही, बाकी सगळी इम्युनिटी जशीच्या तशी, आणि त्यांना कॉक्ससॅकी बी-४ दिला. साध्या उंदरांच्या बीटा पेशी टिकल्या, या बहिऱ्या पेशींमध्ये व्हायरस माजला आणि मग एनके सेल्स, म्हणजे गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांनी त्या बीटा पेशीच मारून टाकल्या. उंदरांना डायबेटीस. म्हणजे बीटा पेशी नुसती पोलिसांची वाट बघत बसत नाही रे, स्वतःचं दार स्वतः लावते, आणि ते लावलं तरच पोलीस तिला सोडतात.

आता तुझ्या रूममेटला सांगायची गोष्ट. हेच बहिरे उंदीर, ज्या जातीला व्हायरस न देताही आपोआप हळूहळू डायबेटीस होतो त्या जातीचे, त्यांच्यात तो आपोआप होणारा डायबेटीस मात्र खूपच कमी झाला! भोंगा न ऐकल्यामुळे बरेचसे वाचले. आणि माणसांत २००९ मध्ये केंब्रिजच्या लोकांना सापडलं की व्हायरसचा आरएनए ओळखून भोंगा वाजवणारं एक जीन आहे, आयएफआयएच-१, ते ज्यांच्यात थोडं बिघडलेलं असतं त्यांना टाइप वन, म्हणजे तुझ्यासारखा आपल्याच पेशींनी बीटा पेशी मारल्याने होणारा डायबेटीस, होण्याची शक्यता कमी. परत वाच. बिघडलेलं असेल तर कमी. कारण भोंगा जास्त वेळ वाजत राहिला की बीटा पेशी आपल्या आतले तुकडे दारावर पाटी लावल्यासारखे बाहेर दाखवायला लागतात आणि टी सेल्स, पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार, त्या पाटीवरून घर शोधत येतात. भोंगा ऐकूच नाही आला तरी मरण, थांबलाच नाही तरी मरण. याला वीक इम्युनिटी म्हणतात का? उलट जरा जास्तच जागरूक म्हण हवं तर. तुझे काका काढा आणि गुळवेलीचे जे मेसेज पाठवतात त्यांना मी हे कसं समजावू, मी सोडून दिलंय.

त्या ऑगस्टच्या तापानेच झालं असं तुझ्या बाबतीत कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. हल्ला बहुतेकदा महिनोन्महिने, वर्षानुवर्षं आधीपासून आत चालू असतो, ताप फक्त शेवटचा धक्का देतो. अमेरिका, फिनलंड, जर्मनी, स्वीडन मिळून पोरांच्या शीचे हजारो नमुने वर्षानुवर्षं घेऊन तपासले (आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल हे किती काम आहे), २०१९ मध्ये आलं की एकदा येऊन गेलेल्या इन्फेक्शनपेक्षा तोच एन्टेरोव्हायरस (कॉक्ससॅकी ज्या कुळातला ते कुळ) बरेच दिवस आतड्यात रेंगाळला तर त्याचा बीटा पेशींवरचा हल्ला सुरू होण्याशी संबंध जास्त दिसतो. म्हणजे तू त्या जत्रेत खाल्लेल्या बर्फाच्या गोळ्यावर मी जो इतकी वर्षं राग धरून होते तोही सोडायला हवा.

आणि आता तापाचं. खाणं जात नाही म्हणून बेसल, ते दिवसभर पुरणारं इन्सुलिन, बंद करायचं नाही, अजिबात नाही, तापात उलट जास्त लागतं. दर तीनचार तासांनी शुगर बघ, अडीचशेच्या वर राहिली तर कीटोनची (त्या केटोॲसिडोसिसच्या आम्लाची) पट्टी लावून बघ, ती डबीत निळ्या झाकणाची, तारीख बघून घे. पाणी पीत राहा. उलटी सुरू झाली तर मला फोन करायच्या आधी रिक्षा करून दवाखान्यात जायचं, मला रिक्षातून कर. रूममेटचा नंबर पाठव, त्याला मी ओरडणार नाहीये, तू उचलला नाहीस तर कुणाला करू म्हणून पाहिजे.

इन्सुलिन खिडकीत ठेवलेलं असलं तर आत्ता उठून काढ.

आई