सड्यावरचा रिषभ

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू पाठवलेली फाइल दोनदा ऐकली. एकदा मोबाईलवर, एकदा तुझे जुने हेडफोन लावून. बाबांनीही ऐकली, त्यांना फार आवडली. सड्यावरून सुचलेल्या माझ्या गिटारच्या वादनाखाली तू बेस घातलास, मागे एक लांब सूर धरून ठेवलास, दुसऱ्या भागात पावसाचा आवाज सोडलास. काम नेटकं झालंय, मेहनत कळते. तरी मला ते सगळं काढून हवंय. फोनवर मी हे एवढंच बोलले आणि तू गप्प झालास, म्हणून लिहायला बसले.

आधी सड्याचं सांगते. तुझ्या तिकडच्या मित्रांना सडा म्हणजे माळ वाटत असणार. माळाला माती असते. आपला सडा जांभ्याचा, उघडा कातळ, कुठे खळग्यात चार बोटं माती असली तर असली. मे महिन्यात भर दुपारी मी मुद्दाम तिथे जाऊन बसत होते. बाबा ओरडायचे, पण मला तीच वेळ हवी होती. कातळ काळा पडलेला, खालून धग चपलेतून पायाला लागते, सावली नावाला नाही. बराच वेळ काही ऐकू येत नाही, आणि मग एकदम लांबून टिटवी ओरडते. तोच कातळ जूनमध्ये दोन सरींनी ओला होतो, खळग्यांत पाणी साचतं, बेडूक लागतात. श्रावण-भाद्रपदात गेंद, कवला, सीतेची आसवं फुलतात. (सीतेच्या आसवांना मूळच नसतं. दगडात अन्न कुठून मिळणार? म्हणून ती बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव पकडून जगते. लहानपणी तू ती फुलं कंपासपेटीत भरून आणायचास.) वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पिऊन दिवाळीनंतर कातळ पुन्हा कोरडा ठणठणीत. दगड तोच, फक्त ऋतू वेगळा.

हे मनात घोळत होतं तेव्हा मला पेटीच्या क्लासातली एक गोष्ट आठवली. मधमाद सारंग आणि मेघ. दोघांचे स्वर तेच: सा, रे, म, प आणि कोमल नी. गांधार म्हणजे ग नाही, धैवत म्हणजे ध नाही. सारंग भर दुपारचा, मेघ पावसाचा. चलन, म्हणजे स्वरांची चाल, बदलली की त्याच पाच स्वरांतून दुपार जाते आणि ढग येतात. आमचे गुरुजी हे दोन राग एकामागोमाग म्हणून दाखवायचे, आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं की खिडकीबाहेरचा उजेड बदलला. इतकी वर्षं ही गोष्ट माझ्याजवळ पडून होती. सड्यावर बसल्यावर तिचा उपयोग कळला.

आणि गिटारचा विचार केलास तर निम्मं काम तूच करून गेला होतास. गिटार इथे ठेवून जाताना तू मला ती वेगळी जुळवणी दाखवली होतीस, सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन पडदे (फ्रेट) उतरवायची, की डी, ए, डी, जी, ए, डी. तूच सांगितलंस की इंग्लंडचा डेव्ही ग्रॅहॅम १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत गेला, आणि तिथल्या ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या संगतीला बसता यावं म्हणून त्याने तारा अशा लावल्या. मी डी हा षड्ज म्हणजे सा धरला आणि मोकळ्या तारा छेडल्या: सा, प, सा, म, प, सा. गांधार नाही! मेघ त्या लाकडात आधीच बसलेला होता. त्या संध्याकाळी मी कुकर लावायची विसरले.

आता तुझ्या त्या लांब धरलेल्या सुराबद्दल. त्यात एफ शार्प आहे. म्हणजे आपला शुद्ध गांधार. कानाला गोड लागतो, सगळं कसं स्थिर झाल्यासारखं वाटतं. पण तो आला की सारंगही जातो आणि मेघही जातो, उरते ती एक छान धून. ती कुठल्याही बागेची असू शकते. सड्यावर एखादं गर्द झाड लावावं तसं ते होतं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते रिषभाने. मेघातला रिषभ, म्हणजे रे, सरळ उभा राहत नाही. तो मध्यमावरून (म वरून) ओघळत येतो, हलत राहतो. पेटीवर ही मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणं, कधी निघाली नाही, ते दुःख लहानपणापासूनचं. गिटारवर तरी निघेल म्हणून हौसेने बसले. चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्याला रे. तिथून तार खेचून मध्यमापर्यंत न्यायची म्हणजे तीन पडद्यांइतकी चढवायची. ती कांस्याची वेटाळलेली तार, माझी बोटं ही अशी. चार दिवसांत बोटाचं कातडं सोललं आणि मध्यम काही पूर्ण लागेना. मग पाचव्या पडद्यावर म वाजवून बोट घसरवत दुसऱ्यावर आणलं, तर मधल्या पडद्यांचा जिना ऐकू येतो. ब्रिजभूषण काबरांनी गिटार आडवी मांडीवर घेऊन तारांवर सळई फिरवली ती उगीच नाही, हे तेव्हा समजलं. पण मला तसं वाजवता येत नाही, आणि या वयात हात नव्याने बसवण्याएवढा धीर नव्हता.

तोडगा सापडला तो एका चुकीतून. चौथ्या तारेच्या पाचव्या पडद्यावरचा म आणि तिसरी तार मोकळी, दोन्ही एकच स्वर. एकदा अंगठ्याने दोन्ही तारा एकदम लागल्या. दोन मध्यम एकमेकांत मिसळलेले, आणि मी चौथीवरचं बोट खाली सरकवलं. एक मध्यम तिथेच घुमत राहिला, दुसरा उतरून रिषभ झाला. जिना त्या घुमण्यात बुडून गेला. मी ते किती वेळा वाजवलं असेल! बाबा पडवीतून आत आले आणि दाराशीच उभे राहिले. दुसरा भाग सगळा या एका जागेवर उभा आहे, सोन्या. तुझ्या फाइलमध्ये नेमका इथेच बेस सुरू होतो.

सुरुवातीला माझ्याकडे नुसते तुकडे होते. दोन सारंगाचे, तीन मेघाचे, एक टिटवीसारखा दोनच स्वरांचा. जोडले की भरताड वाटायचं. मग आम्ही कशेळीला कनकादित्याच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा तिथल्या सड्यावर तो कोरलेला हत्ती पाहिला. जवळ उभं राहिलं की पायाखाली मासे आणि इतर जनावरं दिसतात, हत्ती दिसतच नाही. उन्हं कलली, बाबांनी मला चार पावलं मागे ओढलं आणि मग त्याची पाठ दिसली, सोंड दिसली. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीही आहे. माझ्यापुरतं मी एवढंच घेऊन आले की सहाव्या तारेचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, ही बाहेरची रेघ. तो खर्ज मी आता पूर्ण वादनात ठरावीक अंतराने देते, आणि बाकीचे तुकडे त्याच्या आत सुटे ठेवलेत.

रेकॉर्डिंगचं तुला थोडं माहीत आहे. माजघरात दोऱ्या बांधून आजीच्या गोधड्या टांगल्या, कारण चिरेबंदी भिंती फार घुमतात. पहाटे चारला फ्रिज बंद, पंखा बंद. माईक तू सांगितल्याप्रमाणे बाराव्या पडद्यासमोर वीतभर अंतरावर, भोकाकडे तोंड न करता. तरी पहिल्या तीन पहाटा वाया गेल्या. शेजारच्या पंपाची घरघर नको म्हणून मी माईकवरचं ८० हर्ट्झच्या खालचे आवाज कापणारं बटण दाबून ठेवलं होतं, आणि माझा खर्ज आहे ७३ हर्ट्झचा. तो पातळ का येतोय हे मला कळेना. बटण सोडलं तेव्हा घरघर आली आणि खर्जही आला. मग पंप थांबायची वाट बघत बसले.

सारंगाचा भाग मेमध्येच घेऊन ठेवला. मेघाला जूनचा दुसरा आठवडा उजाडला. तोवर हवेत ओल भरली होती, पडवीच्या पत्र्यावर सर वाजायची, दोन सरींच्या मधे जेवढी उसंत मिळेल तेवढंच वाजवायचं. गिटारही बदलली होती. वरची स्प्रूसची पाटी ओलीने फुगली, तारा पडद्यांपासून उचलल्या गेल्या, दाबायला जोर लागायला लागला. आवाज मेपेक्षा बसका, जड. मला आधी वाटलं हे चुकलं, पुन्हा घ्यावं. दोन्ही भाग सलग ऐकले आणि तसंच ठेवलं.

तू दुसऱ्या भागाची धार वाढवून तो पहिल्यासारखा केलास, आणि वर पावसाचा आवाज घातलास. मीही जूनमध्ये फोन घेऊन सड्यावर पाऊस टिपला होता. घरी येऊन ऐकला तर कढईत भजी तळल्यासारखा आवाज. प्रत्यक्ष पाऊस अंगावर येतो, वास येतो, पायाखाली कातळ निवतो. माईकला त्यातलं काहीच कळत नाही. पण त्या बसक्या आवाजात मला पाऊस ऐकू येतो. गिटारच्या लाकडाने तो प्यायलाय. म्हणून ती धार नको, तो पाऊसही नको.

मूळ दोन्ही फाइल पुन्हा पाठवते आहे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या. फक्त दोन्हींचा आवाज एका पातळीवर आण आणि मधली शांतता मी ठेवलीय तेवढीच राहू दे, ११ सेकंद. ती मुद्दाम आहे. तारा सैल करून गिटार पेटीत ठेवली आहे, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, दसऱ्यानंतर काढेन. येताना तारांचा एक संच आण, या काळ्या पडल्या.

आणि एक काम कर. रात्री सगळं निजल्यावर हेडफोन लावून ३ मिनिटं ४० सेकंदांपासूनचं ऐक. दोन मध्यम, मग त्यातला एक उतरतो. तुझ्या कानाला तो रिषभ लागला की नुसता घसरलेला मध्यम, एवढं मला खरं खरं कळव. बाबांचं मत मी धरत नाही, त्यांना माझं सगळंच आवडतं.

तुझी,
आई